दशावतार नक्की किती वाजता सुरू होतो? आणि कॉलेजवाल्यांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आपण कोकणात कॉलेजला असलेल्या वाचकांना विचारलं होतं की गाणं, नाटक, चित्रं, जत्रा, शिमगा यातलं तुम्ही काय बघता, काय बघायचं राहून जातं आणि का राहतं. मेसेज भरपूर आले. ज्यांची उत्तरं बऱ्याच जणांना कामाला येतील असे निवडलेत, नावं कुणाचीच टाकली नाहीत, गाव आणि वर्ष तेवढं ठेवलंय.

ताई, मी खेड तालुक्यातली, यंदा एफवायला रत्नागिरीत हॉस्टेलला आलेय. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी मुंबईला गेल्या, त्यांच्या स्टोरी बघितल्या की रोज काहीतरी चालू असतं, कॉन्सर्ट काय, प्रदर्शन काय. माझं लेक्चर, मेस आणि फार तर भाट्याचा बीच. इथे खरंच काही होत नाही की मलाच कळत नाही?
(एफवाय बीकॉम, रत्नागिरी)

होतं गं, भरपूर होतं, पण कळतं उशिरा, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. मुंबईत कार्यक्रम विकायचा असतो म्हणून तो तुझ्या मोबाईलपर्यंत येतो, इथे बहुतेक कार्यक्रम हौसेने केलेले असतात, करणाऱ्यांची सगळी ताकद हॉल, गाडी, जेवण आणि माईक यातच जाते आणि जाहिरात म्हणजे एक बॅनर, पेपरात चार ओळी आणि एक व्हॉट्सॲप मेसेज जो त्यांच्याच ओळखीच्या लोकांत फिरतो. त्या ओळखीत शिरणं हे तुझं पहिलं काम.

सुरुवात वाचनालयापासून कर. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. मेंबर हो, पुस्तकं तर मिळतीलच, पण तिथे येणारी जी माणसं आहेत ना, रिटायर्ड शिक्षक, नाटकात काम करणारे बँकवाले, गाणं शिकवणाऱ्या बाई, त्यांना शहरात कधी काय आहे ते सगळं माहीत असतं, दोन-तीन वेळा नुसतं विचारलंस की तिसऱ्यांदा तेच तुला सांगतील.

मग खल्वायन. संगीत नाटकं करणारी रत्नागिरीतली जुनी संस्था, त्यांची दर महिन्याला संगीत सभा असते, आणि मासिक सभेची गंमत अशी की एक चुकली तर पुढची आहेच, वर्षभर कसली वाट बघायला नको. जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव थिबा पॅलेसला होतो, तो मात्र चुकवू नकोस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच्यासाठीचा हा राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, परत मायदेशी गेलाच नाही. त्या वाड्यासमोर उघड्यावर रात्री गाणं ऐकायचं, थंडी पडलेली असते, शाल घेऊन जा. दिवसा तिथे म्युझियम असतं ते आधी एकदा बघून ये, म्हणजे रात्री आपण कुठे बसलोय ते तुला कळेल.

आणि राज्य नाट्य स्पर्धा! हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण कॉलेजच्या पोरांना याचा पत्ताच नसतो. सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाटकांची स्पर्धा आहे, 1954 पासूनची. तिची प्राथमिक फेरी रत्नागिरीत सावरकर नाट्यगृहात होते, साधारण दिवाळीनंतर, आणि ती चालू असली की रोज संध्याकाळी नवीन संस्थेचं नवीन पूर्ण नाटक, तिकीट अगदी नाममात्र. म्हणजे महिनाभरात तू इतकी नाटकं बघशील जितकी तुझ्या मुंबईच्या मैत्रिणी दोन वर्षांत बघणार नाहीत. सगळी चांगली असतील असं मी सांगणार नाही, काही फसतात, पण तेच स्टेज, तेवढीच लाईट आणि एकाने त्याचं घर केलं, दुसऱ्याने जेल केलं, तिसऱ्याने रिकामं ठेवून फक्त उजेडावर नाटक उभं केलं, हे लागोपाठ बघितलं की दिग्दर्शन म्हणजे काय ते कुणी न शिकवता समजायला लागतं. एक छोटी वही ठेव, प्रत्येक नाटकाचं काय आवडलं काय नाही चार ओळी लिही, आणि निकाल लागला की आपलं आणि परीक्षकांचं कुठे जुळलं ते बघ.

एक शेवटचं. पुढच्या कार्यक्रमाला अर्धा तास लवकर जा आणि खुर्च्या लावणाऱ्यांना विचार, काही मदत करू का. तू प्रेक्षक म्हणून वर्षभर गेलीस तर वर्षाने ओळखतील, एकदा सतरंजी उचललीस तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ॲड करतील.

मी मूळ सांगलीचा, कुडाळला डिप्लोमा करतोय. इथले मित्र म्हणतात धयकालो बघ, धयकालो बघ, पण कुणी धड सांगत नाही की तो किती वाजता असतो, तिकीट कुठे मिळतं, आणि मालवणी मला नीट कळत नाही मग बसून काय करू?
(दुसरं वर्ष, कुडाळ)

वेळ ठरलेली नसते म्हणूनच कुणी सांगत नाही. जत्रेतला दशावतार, तुझे मित्र ज्याला धयकालो म्हणतात तेच लोकनाट्य, हा देवाच्या कार्यक्रमाचा भाग आहे. आधी देवीची ओटी भरायची रांग, मग पालखी देवळाभोवती फिरणार, ती आत गेली की मग नाटक. म्हणजे रात्रीचे बारा धर, कधी एक. आणि मग पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला होतो, त्यावरूनच धयकालो हे नाव. तिकीट नाही, देवळाच्या आवारात जागा मिळेल तिथे बसायचं, म्हातारी माणसं घरून गोणपाट नाहीतर चटई आणतात, तूही आण. सोबत स्वेटर, पाण्याची बाटली.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात रोज रात्री कुठे ना कुठे प्रयोग असतोच, पावसाळ्यापर्यंत. मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर ही जुनी मंडळं, शिवाय नवी कितीतरी. कुठल्या कंपनीचा आज कुठे प्रयोग आहे हे स्थानिक पेपरात आणि व्हॉट्सॲपवर येतं, तुझ्या वर्गात एखादा तरी दशावतारवेडा असणारच, त्याला पकड.

आता काय बघायचं ते सांगते. नाटक सुरू व्हायच्या आधी रंगपटात जाता आलं तर बघ, मेकअप करायची जागा ती. विचारून जा, दारात चप्पल काढ, कारण तिथे गणपतीची पूजा झालेली असते. कलाकार स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतो, दिवसा शेतात नाहीतर रिक्षावर असणारा माणूस छोट्या आरशासमोर बसून तासाभरात नारद होतो नाहीतर राणी होते, बायकांची कामं परंपरेने पुरुषच करतात, आणि ती साडीची निरी, ती मान, तो आवाज हे जवळून बघितलंस की पुढची सगळी रात्र तू वेगळ्या नजरेने बघशील.

सुरुवातीला आडदशावतार असतो, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, मग संकासूर, काळा वेश, लोंबती जीभ, ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा. तो मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची फिरकी घेतो, पोरं घाबरतात पण आणि हसतात पण. हल्ली बऱ्याच ठिकाणी हा भाग उरकून टाकतात, मला ते आवडत नाही, म्हणून सांगते की पहिल्यांदा जाशील तर जुन्या देवळातल्या जत्रेलाच जा आणि सुरुवातीपासून बस. त्यानंतर मुख्य आख्यान, पुराणातली कथा, राजा, राणी, राक्षस, ऋषी, आणि इथे तुझ्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तर आहे: आख्यानातले राजे-देव मराठीतच बोलतात, तीही चांगली भारदस्त, मालवणी येते ती विनोदी पात्रांच्या तोंडी. तुला नव्वद टक्के कळेल, उरलेलं शेजारचे आजोबा सांगतील.

आणि लक्षात ठेव की समोर जे चाललंय त्याला लिहिलेली संहिता नाही. कुठली कथा, कोण कुठलं पात्र, कोणाची एन्ट्री कधी, इतकं बसून ठरवतात आणि स्टेजवर जातात, मग संवाद तिथल्या तिथे. एकाने शास्त्रातला दाखला दिला की दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचं, कधी कधी ते दोघं असे रंगतात की अर्धा अर्धा तास युक्तिवादच चालतो आणि लोक हलत नाहीत. पद म्हणायची ती पण स्वतःच, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. नेपथ्य म्हणशील तर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. तू डिप्लोमाला आहेस म्हणून तुला सांगते, इतक्या कमी सामानात इतकं उभं राहतं कसं हे इंजिनिअरच्या नजरेनेही बघण्यासारखं आहे. युद्धाच्या वेळी मृदंग वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघत रहा, नटाचा पाय आणि त्याची थाप एका क्षणी पडतात.

दोन-तीनच्या सुमारास झोप येणार. येऊ दे, अर्धा तास आडवा हो, सगळेच होतात, मृदंगाने जाग येतेच. नंतर ट्रिकसीनवालं नाटक बघ, निरनिराळ्या कंपन्यांतल्या कलाकारांना एकत्र आणून करतात तो संयुक्त दशावतार बघ, त्यातही मजा आहे. पण पहिला देवळातलाच.

जत्रेत खाजा घे, गूळ-आल्याचं, कडकडीत. आणि कुडाळातच आहेस तर एका सकाळी पिंगुळीला जाऊन ये, रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. तिथे ठाकर समाजाच्या लोकांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या जपल्यात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुटुंबाने घराजवळ म्युझियम केलंय. चित्रकथी म्हणजे कागदावरची चित्रं एकेक समोर धरत गाऊन कथा सांगायची. रामायणातली ती चित्रं बघ आणि मग रात्री दशावतारातले उभे राहायचे ढंग बघ, डोळे, हात, मुकुट, कुठे काय जुळतं ते तुझं तूच शोध.

ताई, मला सगळं बघायचंय पण घरातून रात्रीची परवानगी नाही म्हणजे नाहीच. आई म्हणते शिक्षण झालं की कर काय ते. दापोलीला आहे, घर गावात. मी काय फक्त फोटोच बघायचे का?
(एसवाय बीए, दापोली)

नाही, आणि आईशी भांडून पहिला कार्यक्रम बघ असंही मी सांगणार नाही, कारण मग दुसरा बघता येत नाही.

रात्रीशिवायचं किती आहे ते आधी बघ. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तुमच्या दारात येते, भरदुपारी सुद्धा. गणपतीत वाडीवाडीत जाखडी असते, मधे बसलेले गाणारे-वाजवणारे आणि भोवती गोल करून नाचणारे, पायात चाळ, आणि जिथे शक्ती-तुऱ्याचा सामना असेल तिथे एक शाहीर कवनातून प्रश्न टाकतो आणि दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं, शक्तीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणार, तुरेवाले शिव. लहानपणापासून ऐकत आलीस म्हणून तुला त्याचं काही वाटत नसेल, यंदा वही घेऊन बस आणि एका सवालाचे शब्द उतरवून घे, शाहिराला नंतर अर्थ विचार, तो किती खूश होईल बघ. नारळी पौर्णिमेला मालवणला कुणी नातेवाईक असतील तर जा, सगळा कार्यक्रम दुपार-संध्याकाळचा, सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ येतो, समुद्राला देतात, आणि बंदरावर नारळ लढवायची स्पर्धा, बायकांची सुद्धा.

कॉलेजातला युवा महोत्सव दिवसा. कातळशिल्पं दिवसा, आणि तीही कलाच आहे, कोकणच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्यात हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती गेली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती एवढा मोठा की एका जागी उभं राहून पूर्ण दिसत नाही, चालत चालत बघावा लागतो. रेषांवर पाय द्यायचा नाही, खडू-रंग भरायचा नाही, एवढं पाळायचं. दापोलीहून राजापूर लांब आहे, कॉलेजची ट्रिप काढायला लावा सरांना. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे प्रवासाचा खर्च हे कारण तरी घरी पुढे करता येणार नाही.

आणि रात्रीचं म्हणशील तर आईलाच घेऊन जा. खरंच सांगते. कदाचित तिलाही लग्नाआधी जत्रेत रात्रभर बसायला आवडायचं आणि नंतर कुणी नेलंच नाही, असं असू शकतं, विचारून तर बघ. पूजेच्या, वाढदिवसाच्या निमित्ताने हल्ली नमन (हेही कोकणातलं लोकनाट्यच) नाहीतर दशावतार संध्याकाळी लवकर पण ठेवतात, ते दोघींनी मिळून बघा.

क्लासिकल कॉन्सर्टला मित्राबरोबर गेलो होतो, पहिला अर्धा तास एकच शब्द चालू होता, मी बोअर झालो आणि सगळे वाह वाह करत होते. मला कान नाही असं समजू का?
(टीवाय बीएस्सी, चिपळूण)

असं अजिबात समजू नकोस. तुला कोकणातलं भजन आवडतं का? गावात गणपतीला बुवा पेटीवर बसतात, पखवाज लागतो, आधी रूपाचा अभंग मग गौळण मग गजर, आणि गजराला सगळं घर डोलतं. हे आवडत असेल तर तुला कान आहे, आणि त्या अभंगांच्या चाली बऱ्याचदा रागांवरच बांधलेल्या असतात. सिंधुदुर्गातली डबलबारी बघ कधीतरी, दोन बुवा समोरासमोर, आळीपाळीने, एकाने घेतलेली तान दुसऱ्याने मोडून दाखवायची. तिथे लोक मॅच बघितल्यासारखे बसतात आणि त्यातून सूर-तालाची समज आपोआप येते.

कॉन्सर्टला तो जो पहिला अर्धा तास होता ना, तो विलंबित ख्याल. गाणारा राग हळूहळू उलगडत असतो, शब्दाला तिथे फारसं काम नाही, म्हणून शब्द पकडायला गेलास की कंटाळा येणारच. त्याऐवजी तबल्याकडे लक्ष दे. विलंबितात मात्रा फार लांब लांब असतात, त्यामुळे मोजायला सुरुवात द्रुत, म्हणजे जलद गाणं, आलं की कर, बहुतेक वेळा तीनताल असतो, सोळा मात्रांचा, हातावर मोजत रहा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येते ते पकडायचा प्रयत्न कर, गाणारा इकडेतिकडे फिरून बरोबर समेवर येऊन पडतो आणि नेमकी तिथेच वाह येते. दोनदा पकडलीस की तिसऱ्यांदा तुझ्याही तोंडून येईल. आधी द्रुताची सवय झाली की विलंबित सुद्धा आवडायला लागतं, उलट्या क्रमाने शिकायला काही हरकत नाही.

शेवटच्या भैरवीपर्यंत थांब. उठायचंच असेल तर दोन चीजांच्या, म्हणजे बंदिशींच्या, मधे उठ, चालू असताना नाही. आणि आधी जेवून जा, उपाशीपोटी ख्याल ऐकवत नाही.

शिमग्याचे रील्स टाकतो, व्ह्यूज पण छान येतात, पण यंदा गावातल्या काकांनी ओरडून मोबाईल खाली घ्यायला लावला. आमची संस्कृती आम्हीच दाखवली तर बिघडलं काय?
(एसवाय बीएमएस, रत्नागिरी)

दाखवण्यात काहीच बिघडलं नाही, तुझ्यासारख्यांमुळे बाहेरच्यांना शिमगा कळतो हेही खरं. पण काका का ओरडले असतील त्याचा विचार कर.

पालखीत रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, लागली की ती तुझ्यासाठी शूटिंगची वस्तू असेल, काकांसाठी देवी घराबाहेर पडलेली असते, वर्षातून एकदा. पालखी नाचवणाऱ्यांचं सगळं लक्ष खांद्यावर आणि ढोलाच्या ठेक्यावर असतं, त्यांच्या पुढ्यात कोणी मोबाईल धरून उलटं चालत असेल तर एक ठेच लागली तरी काय होईल बघ. गाऱ्हाणं चालू असताना, म्हणजे गुरव नाहीतर मानकरी देवाला सगळ्यांची अडचण सांगत असतात तेव्हा, माझं स्पष्ट मत आहे की कॅमेरा बंदच पाहिजे. कुणाच्या घरात मूल होत नाही, कुणाचा मुलगा आजारी आहे, हे देवाला सांगायचं असतं, तुझ्या फॉलोअर्सना नाही.

एक काम कर. पुढच्या वर्षी पहिले दोन दिवस मोबाईल खिशात ठेव आणि मंडळींबरोबर रहा. होळीचं झाड आणताना खांदा दे, सहाणेवर, म्हणजे पालखी बसते तिथे, पाणी भर, फाका घाल म्हणजे होळीच्या आरोळ्या दे, नमन करत फिरणाऱ्या खेळ्यांबरोबर एक रात्र फिर. मग काकांनाच विचार, काय घेऊ आणि काय नको. तेच सांगतील की आता इथे उभा रहा, इथून पालखींची भेट चांगली दिसते. आणि तुझा व्हिडीओ पण बदलेल, आत्ता सगळ्यांचे रील सारखेच दिसतात, वरून ड्रोन, खाली गुलाल, मागे डीजेचं गाणं. ढोल असताना वर डीजेचं गाणं कशाला टाकता रे? तोच आवाज ठेव. मृदंगवाल्याशी बोल, संकासुराचं काम करणाऱ्याशी बोल, नमनातली बारा नमनं कोणाला म्हणतात ते रेकॉर्ड कर, जुने लोक आहेत तोवर. याला व्ह्यूज कमी येतील, पण चाकरमानी पोरं ते जपून ठेवतील.

मला ॲक्टिंग करायचीय पण कॉलेजच्या एकांकिकेत घेतलं नाही, म्हणाले बॅकस्टेजला ये. जाऊ का? अटेंडन्सचं पण टेन्शन आहे.
(एफवाय, कणकवली)

जा, उद्याच जा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीचशी कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, म्हणजे युवा महोत्सवात तुमची टीम आधी जिल्ह्यात आणि पुढे गेली तर थेट मुंबईच्या कॉलेजांसमोर उभी राहते, आणि त्या टीमबरोबर जो बॅकस्टेजला जातो तो तिथली सगळी नाटकं विंगेतून बघतो. लोकांकिकेसारख्या स्पर्धांची फेरी रत्नागिरीत होते. सवाई एकांकिका स्पर्धा 25 जानेवारीच्या रात्री मुंबईत, रात्रभर एकांकिका, एकदा तरी मित्र जमवून ती बघायला जा.

बॅकस्टेजला तुला कळेल की ब्लॅकआऊटमध्ये सहा सेकंदांत टेबल कसं हलवायचं, म्युझिक एक क्षण लवकर आलं तर नटाचं वाक्य कसं मरतं. रोज तालमीला असलास की सगळ्यांचे संवाद तुझे पाठ होतात, आणि ऐनवेळी एखादा आजारी पडला की दिग्दर्शक ज्याला संवाद पाठ आहेत त्याच्याकडे बघतो. हे घडेलच असं नाही, पण घडतं ते त्याच माणसाच्या बाबतीत. कणकवलीत तर वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, बाहेरची चांगली नाटकं तुमच्या गावात येतात, त्यांना जाऊन सांग की मला काम करायचंय.

अटेंडन्सचं: तालमी सुरू व्हायच्या आधी सरांना भेट, नंतर नाही. कुठल्या तारखांना नसशील ते लेखी दे, प्रॅक्टिकल चुकवू नकोस, आणि इंटर्नलच्या आठवड्यात तालीम उशिरा ठेवा असं सगळ्यांनी मिळून दिग्दर्शकाला सांगा. केटी लागली की घरचे आधी नाटकच बंद करतात, म्हणून नाटकासाठी तरी पास हो.

सावंतवाडीत आहे, गोवा जवळ. महिन्याला हातात तीन-चारशे रुपये उरतात. त्यात गोव्यात काही बघता येईल का?
(एसवाय, सावंतवाडी)

येईल, आणि तुम्ही सावंतवाडीवाले नशीबवान आहात, रत्नागिरीच्या पोरांना हे जमत नाही.

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, 2016 पासून. चित्रं, फोटो, नाटक, नाच, संगीत, सगळं शहरभर पसरलेलं, आधी ऑनलाईन नाव नोंदवलं की बहुतेक कार्यक्रम फुकट. सकाळची बस पकड, दोन-अडीच तासांत पणजी, मांडवीच्या काठाने चालतच बरंचसं होतं. सगळं बघायला जाऊ नकोस, दोन प्रदर्शनं आणि संध्याकाळचा एक कार्यक्रम, बास. नोव्हेंबरात इफ्फी हा फिल्म फेस्टिव्हल, 2004 पासून गोव्यातच होतो, त्याचं डेलिगेट रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं, विद्यार्थ्यांसाठी काय सवलत आहे ते फॉर्म भरतानाच बघ. जगभरचे सिनेमे मोठ्या पडद्यावर, दिवसाला तीन सुद्धा होतात, पण सकाळी लवकर जाऊन रांग लावायची तयारी पाहिजे.

डबा घरून ने. परतीच्या शेवटच्या बसची वेळ पणजी स्टँडवर उतरल्या उतरल्या खिडकीवर विचारून घे, मोबाईलवरच्या वेळेवर जाऊ नकोस. चौघं मिळून जा म्हणजे बस चुकली तरी रात्री एकटं पडायला होत नाही. आणि जायच्या आधी एका दुपारी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघून घे, गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावताराचे सुद्धा असतात. तुझ्या मोती तलावाच्या काठावरच आहे ते, आणि चालत जाता येतं.